धोका, जोखीम आणि आपत्ती

ओडिशा राज्यातील जगतसिंहपूर जिल्हा बंगालच्या उपसागराच्या काठी, महानदीच्या मुखाजवळ वसलेला आहे. हा प्रदेश सपाट व सखल आहे. नजर पोहोचेल तेथवर भाताची खाचरे, मधूनच नारळाची झाडे आणि त्यांच्या सावलीत मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरे, असे तेथील गावांचे रूप असे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी या जिल्ह्यातील पारादीप बंदराजवळ एक भयंकर चक्रीवादळ येऊन आदळले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. त्या वाऱ्याने समुद्राचे पाणी पाच ते सहा मीटर उंच उचलले आणि जमिनीवर लोटून दिले. दुमजली घराएवढे ते पाणी शेते, घरे, गुरे व माणसे यांना घेऊन कित्येक किलोमीटर आत शिरले. सरकारी गणनेप्रमाणे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील बहुतेक या एकाच जिल्ह्यातील होती.

यानंतर चौदा वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री, त्याच राज्याच्या किनाऱ्यावर गोपाळपूरजवळ दुसरे मोठे चक्रीवादळ आले. त्याचे नाव ‘फायलिन’ असे होते. वाऱ्याचा वेग याही खेपेस ताशी दोनशे किलोमीटरांवर गेला होता. लाखो घरांची पडझड झाली, विजेचे खांब वाकले, उभे भात आडवे झाले. परंतु ओडिशात मृत्यू पावलेल्या माणसांची संख्या पन्नासाच्या आत राहिली.

दहा हजार आणि पन्नास! एवढा फरक कशामुळे पडला? दुसरे वादळ पहिल्यापेक्षा काहीसे सौम्य होते आणि त्याने उठविलेले पाणीही कमी उंचीचे होते, हे खरे आहे. पण तेवढ्याने या दोन आकड्यांचा उलगडा होत नाही. तो व्हावयास हवा असेल, तर आपण एरवी सरमिसळ करून वापरतो असे काही शब्द नीट वेगळे करून पाहिले पाहिजेत.

वर्तमानपत्रात आपण वाचतो, की अमक्या ठिकाणी नैसर्गिक आपत्ती कोसळली. यातील ‘नैसर्गिक’ हे विशेषण थोडे फसवे आहे. वादळ नैसर्गिक असते, अतिवृष्टी नैसर्गिक असते. आपत्ती मात्र केवळ निसर्गाने घडत नाही. भर समुद्रात, जेथे एकही जहाज नाही आणि एकही बेट नाही, तेथे कितीही प्रचंड वादळ झाले, तरी त्याला कोणी आपत्ती म्हणणार नाही. हानी करण्याची शक्ती अंगी असलेली घटना म्हणजे ‘धोका’. त्या घटनेने माणसांची व मालमत्तेची इतकी हानी झाली, की तेथील समाजाला स्वतःच्या बळावर सावरणे अशक्य व्हावे, म्हणजे तिला ‘आपत्ती’ म्हणतात. धोका आणि आपत्ती यांच्यामध्ये पुष्कळ गोष्टी असतात, आणि त्या बहुतेक माणसाच्या हातातील असतात.

त्यांतील पहिली गोष्ट म्हणजे माणसांची वस्ती कोठे आहे ही. नदीच्या पात्रालगत, सरकणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी किंवा समुद्रसपाटीला लागून घरे बांधली, तर ती आपोआप माऱ्याच्या टप्प्यात येतात. याविषयी एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. चक्रीवादळाला इंग्रजीत ‘सायक्लोन’ म्हणतात. हा शब्द प्रचारात आणणारा हेन्री पिडिंग्टन हा गृहस्थ कलकत्त्यास राहत असे. सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ सुचविणाऱ्या एका ग्रीक शब्दावरून त्याने १८४८ च्या सुमारास हे नाव पाडले. कारण ही वादळे वेटोळे घालीत फिरतात, हे त्याने अनेक जहाजांच्या नोंदी ताडून पाहिले होते. पुढे मातला नदीच्या मुखाशी एक नवे बंदर वसविण्याचा विचार सरकारने चालविला. तेव्हा पिडिंग्टनने १८५३ साली गव्हर्नर जनरलला पत्र लिहून बजावले, की ही जागा वादळी उधाणाच्या तोंडी आहे. एक दिवस समुद्र येथे चाल करून येईल. त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. बंदर बांधले गेले. १८६७ च्या वादळात त्या बंदराची धूळधाण झाली आणि काही वर्षांतच ते सोडून द्यावे लागले. पिडिंग्टन तोवर हयात नव्हता. त्याने वादळ थांबविण्याचा उपाय सांगितला नव्हता, तसा उपाय आजही कोणाजवळ नाही. बंदर वादळाच्या वाटेत बांधू नका, एवढेच त्याचे सांगणे होते.

दुसरी गोष्ट ‘दुर्बलता’. एकाच गावावरून एकच वारा वाहतो, पण सिमेंट काँक्रीटच्या घरातील कुटुंब सकाळी दार उघडून बाहेर येते आणि शेजारच्या मातीच्या घराचा मागमूसही उरत नाही. वृद्ध, आजारी, अपंग आणि तान्ही मुले यांना पळता येत नाही. ज्याच्याजवळ दोन गुरांखेरीज दुसरी मालमत्ता नाही, तो गुरे सोडून घर सोडावयास तयार होत नाही. तो हट्टी असतो असे नव्हे. गुरे गेली तर उद्या खावे काय, हा त्याच्यापुढील प्रश्न असतो. म्हणून दुर्बलता ही केवळ शरीराची नसते. ती घराची असते, दारिद्र्याची असते आणि पुष्कळदा अज्ञानाचीही असते.

आता ‘जोखीम’ हा शब्द पाहा. धोका आणि जोखीम हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. परंतु मराठीत जोखीम या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. पूर्वी लोक लांबचा प्रवास करीत, तेव्हा अंगावरचे दागिने किंवा जवळची रोकड यांनाच जोखीम म्हणत. “रात्रीचे जाऊ नका, जवळ जोखीम आहे,” असे घरातील वडीलधारी माणसे आजही सांगतात. या एका वाक्यात सारे शास्त्र आले आहे! वाटेवर चोर असणे हा धोका. पण प्रवाशाजवळ काहीच नसेल, तर त्याला चोराचे भय नाही. जवळ दागिने आहेत, पण बरोबर दहा धट्टेकट्टे सोबती आहेत, तर भय थोडे. दागिने आहेत, रात्र आहे आणि प्रवासी एकटा आहे, तर भय मोठे. आपत्तीच्या शास्त्रातही जोखीम अशीच मोजतात. धोका किती मोठा, त्याच्या माऱ्यात किती माणसे व मालमत्ता, आणि ती किती दुर्बल, या तिन्हींचा एकत्र विचार करून हानीचा जो अंदाज निघतो, ती जोखीम. या तिघांपैकी एक जरी कमी करता आले, तरी जोखीम कमी होते. धोका कमी करणे आपल्या हाती क्वचितच असते. उरलेल्या दोहोंविषयी मात्र पुष्कळ करता येते.

ओडिशाने नेमके हेच केले. १९९९ साली इशारा मुळीच मिळाला नव्हता, असे नाही. हवामान खात्याने वादळाची सूचना दिली होती. पण सूचना कानी पडून उपयोग काय? जावयाचे कोठे, हे लोकांना ठाऊक नव्हते. किनाऱ्यावर वादळात टिकतील अशा इमारती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या म्हटले तरी चालेल. त्या आपत्तीनंतर त्याच वर्षी राज्याने या कामासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. किनाऱ्यावर चक्रीवादळाची आश्रयगृहे बांधली जाऊ लागली. आज त्यांची संख्या आठशेहून अधिक आहे. ही आश्रयगृहे उंच खांबांवर उभी असतात, म्हणजे पाणी आले तर खालून निघून जावे. एरवी अनेक आश्रयगृहांत शाळा भरते. हे मला फार शहाणपणाचे वाटते. जी इमारत वर्षाचे सारे दिवस वापरात असते, तिचे दार संकटाच्या रात्री गंजलेले सापडत नाही, आणि तिची वाट गावातील पोराटोरांनाही अंधारात सापडते.

संकट येण्यापूर्वीच अशी जी सिद्धता करून ठेवायची, तिला ‘पूर्वतयारी’ म्हणतात. आश्रयगृहात कोणी कोणास न्यायचे, पिण्याचे पाणी व शिधा कोठे ठेवायचा, आजाऱ्यांना कोणत्या वाहनाने हलवायचे, हे सारे आधी ठरवून त्याचा सराव करावा लागतो. फायलिन आले तेव्हा दुर्गापूजेचा सण चालू होता. सरकारी नोकरांच्या सुट्ट्या रद्द करण्यात आल्या. ध्वनिक्षेपकांवरून गावोगाव सूचना देण्यात आल्या, आणि वादळ किनाऱ्यावर पोहोचण्यापूर्वी जवळजवळ दहा लाख माणसांना सुरक्षित जागी हलविण्यात आले. पुढे ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ हे वादळ पुरीजवळ आदळले, तेव्हा हा आकडा सुमारे बारा लाखांवर गेला. त्या वादळात ६४ माणसे दगावली. ही संख्या लहान आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांना ती लहान नव्हती. परंतु १९९९ ची आठवण ज्यांना होती, त्यांना तिचा अर्थ कळला.

इशाऱ्याचेही शास्त्र आहे. त्याला ‘पूर्वसूचना’ म्हणतात. हवामान खाते आपले इशारे रंगांनी देते. हिरवा म्हणजे काही करावयास नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. आणि लाल म्हणजे आता कृती करा. ‘रेड अलर्ट’ दिला आणि पाऊस थोडाच पडला, की आपल्याकडे लोक खात्याची थट्टा करतात. थट्टा करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की पूर्वसूचना हे भविष्य नव्हे. कोणत्या गोष्टीचा संभव किती आहे आणि ती घडली तर परिणाम किती गंभीर होईल, हे ती सांगते. दहा वेळा विनाकारण घर सोडावे लागले, तर दहा रात्रींची झोप जाते; अकराव्या वेळी सोडले नाही, तर काय जाते ते जगतसिंहपूरने पाहिले आहे.

येथवर आपण धोका हा जसा आहे तसा धरून चाललो. पण आता धोकाच बदलू लागला आहे. तो कसा, हे कळण्यासाठी ‘हवा’ आणि ‘हवामान’ या दोन शब्दांतील भेद लक्षात घ्यावा लागेल. आज ऊन आहे, उद्या ढग येतील, परवा वारा सुटेल, ही झाली हवा. एखाद्या प्रदेशातील हवेची दीर्घ काळची, साधारणपणे तीस वर्षांची, सरासरी स्थिती म्हणजे हवामान. बाहेर पडताना छत्री घ्यावी की नाही हे हवेवरून ठरते. घरावर कोकणातल्याप्रमाणे उतरती कौले घालावी की देशावरच्याप्रमाणे मातीचे धाबे घालावे, हे हवामानावरून ठरत आले. (गंमत अशी, की रोजच्या हवेचा अंदाज सांगणाऱ्या खात्याला मात्र आपण हवामान खाते म्हणतो!) एका वर्षी पाऊस कमी पडला म्हणून हवामान बदलले असे होत नाही. अनेक दशकांच्या सरासरीतच फरक पडू लागला, तर त्याला ‘हवामानबदल’ म्हणतात.

तसा फरक आज पडत आहे. पृथ्वीभोवतीच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइडसारखे काही वायू असतात. ते सूर्याचा प्रकाश आत येऊ देतात, पण तापलेल्या जमिनीतून निघणारी उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाहीत. काचेच्या हरितगृहाप्रमाणे ते ऊब धरून ठेवतात, म्हणून त्यांना ‘हरितगृह वायू’ असे नाव पडले. हे वायू मुळात आपले शत्रू नव्हेत; ते नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंशांच्या आसपास राहिले असते. प्रश्न त्यांच्या प्रमाणाचा आहे. यंत्रयुग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू जाळून आणि जंगले तोडून माणसाने हे प्रमाण ४२० च्या वर नेले आहे. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेने २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने अधिक होते.

एक अंश म्हणजे फार काही नाही, असे तुम्हांस वाटेल. परंतु हवा एका अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा तो अधिक जोराने कोसळतो. जी जादा उष्णता साठत आहे, तिच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. चक्रीवादळ हे तर कोमट समुद्राचेच अपत्य. पाण्याचे तापमान साधारणपणे २६ अंशांवर गेल्याखेरीज ते सहसा जन्मास येत नाही, आणि पाणी जितके उबदार तितके त्याचे बळ वाढण्याचा संभव अधिक. शिवाय १९०१ पासून २०१८ पर्यंत समुद्राची पातळी सुमारे वीस सेंटिमीटरने वाढली. म्हणजे वादळी उधाण आता एक पायरी वर चढूनच आपली चाल सुरू करते. मात्र प्रत्येक वादळाचे खापर हवामानबदलाच्या माथी फोडणे शास्त्राला धरून नाही. वादळे पूर्वीही होत होती. जगातील वादळांची एकूण संख्या वाढली आहे असेही दिसत नाही. त्यांतील अतितीव्र वादळांचे प्रमाण वाढत आहे, एवढे म्हणता येते.

याची झळ आपल्या कोकणालाही लागली आहे. चक्रीवादळे ही पूर्व किनाऱ्यावर व्हायची, असा पश्चिम किनाऱ्यावरील लोकांचा समज होता. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले आणि हा समज मोडला. घरांची कौले व पत्रे उडाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या, तीव्रता व टिकून राहण्याचा काळ ही तिन्ही वाढल्याचे त्यांना आढळले.

मग यावर उपाय काय? येथे आणखी दोन शब्द येतात, ‘शमन’ आणि ‘अनुकूलन’. नळ उघडा राहून घरात पाणी साचू लागले, तर आपण काय करतो? एकजण धावत जाऊन नळ बंद करतो आणि दुसरा धान्याची पोती उचलून उंच फळीवर ठेवतो. नळ बंद करणे हे शमन. कोळसा व तेल कमी जाळणे, सूर्य व वारा यांपासून वीज मिळविणे, जंगले राखणे, ही शमनाची कामे होत. पोती उंचावर ठेवणे हे अनुकूलन. पाण्याचा ताण सोसणारी बियाणी पेरणे, वाऱ्यात टिकणारी घरे बांधणे, किनाऱ्यावरील वस्ती थोडी आत नेणे, ही अनुकूलनाची कामे. नळ बंद केला म्हणून सांडलेले पाणी लगेच नाहीसे होत नाही. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग शतकानुशतके तेथेच राहतो. म्हणून शमनाबरोबर अनुकूलनही करावेच लागते. उलट, नळ तसाच वाहू दिला, तर पोती किती उंच ठेवणार?

काही कामे दोन्ही हेतू साधतात. कोकणातील खाड्यांच्या काठी तिवराची झाडे तुम्ही पाहिली असतील. या खारफुटीची मोठी जंगले ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातही आहेत. १९९९ च्या वादळात तेथील गावांमध्ये किती माणसे दगावली, याचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांच्या व समुद्राच्या मध्ये खारफुटीचा रुंद पट्टा होता, तेथे मृत्यू कमी झाले होते. तीच झाडे हवेतील कार्बन आपल्या मुळांखालच्या चिखलात साठवून ठेवतात. तथापि त्याच अभ्यासात असेही दिसले, की वेळेवर दिलेल्या पूर्वसूचनेने झाडांपेक्षाही अधिक प्राण वाचविले. झाडे पाणी अडवितात, पण माणसाला हाक मारून उठवीत नाहीत.

वादळ ओसरल्यावर अन्न, पाणी व औषधे पोहोचविणे याला ‘मदतकार्य’ म्हणतात. ते काही दिवसांचे असते. ‘पुनर्वसन’ मात्र दीर्घ काळचे आहे. निसर्ग वादळात मोडलेल्या माडाच्या जागी नवे रोप लावले, तर त्याला नारळ धरण्यास सहा-सात वर्षे लागतात. तोवर त्या वाडीवाल्याने काय खावे, हा पुनर्वसनाचा प्रश्न होय. पुन्हा पूर्वीसारखेच कच्चे घर त्याच जागी बांधले, तर जोखीमही पूर्वीइतकीच परत येते, हेही त्यात पाहावे लागते.

जगतसिंहपूर जिल्ह्यात समुद्रकाठी नोलियासाही नावाचे कोळ्यांचे गाव आहे. २०२० साली युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाने या गावाला आणि गंजाम जिल्ह्यातील वेंकटरायपूर या गावाला ‘त्सुनामीसाठी सज्ज’ असे प्रमाणपत्र दिले. हिंदी महासागराच्या भोवती असा मान मिळविणारी ही पहिली गावे. त्सुनामी भूकंपाने उठते, वादळाने नव्हे. पण पाणी चालून आले म्हणजे पळावयाची वाट तीच असते. अशा गावात पाणी कोठवर येऊ शकते याचा नकाशा तयार केलेला असतो, सुरक्षित जागेकडे नेणारी वाट दाखविणाऱ्या खुणा असतात, आणि गावकरी वेळोवेळी त्या वाटेने जाण्याचा सराव करतात.